जोडणी नाकारण्याविषयी

॥ श्री ॥

धार,
ता. १४ नोव्हेंबर २००७

चि. जयवंती हीस,

अंबरीशचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. इकडे थंडी पडू लागली आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने जशी असावी तशी आहे.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे, ती आरंभीच सांगतो. कोजागिरीपासून आपल्या दोघांच्या संगणकांत जोडणी होत नाही, तिचा दोष धारचा नाही. धारकडून तुला नकार गेलेला नाही.

दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गोष्टी आधी लिहून ठेवाव्यात, अशी वादाची रीत आहे. त्या तुला ठाऊक आहेत. तरीही क्रम राहावा म्हणून लिहितो. तुझे यजमान अशोकराव गेले त्या वर्षीच्या तापात तुझे ऐकू येणे गेले, तेव्हापासून फोन आपल्याला निरुपयोगी झाला. यंदा उन्हाळ्यात तुझी इरावती पुण्याहून सुटीवर आली, तिने रूबी नावाच्या भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याचे दोन भाग. एक माझ्या संगणकावर चालतो आणि एका ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका दारापाशी, कान देऊन बसतो. दुसरा तुझ्या संगणकावर चालतो आणि त्या पोर्टला हाक मारतो. हाक पोहोचली की तू तिकडे लिहिलेले इकडे उमटते आणि मी लिहिलेले तिकडे. असे गप्पा मारण्याचे तयार साधन फुकट मिळते, असे तुझा अभिषेक म्हणाला होता. ते मी मानले नाही. भावाबहिणीने तिसऱ्याच्या ओसरीवर बसून का बोलावे?

आषाढापासून रोज संध्याकाळी सात वाजता आपण बोलत होतो. तुझे रोमन अक्षरांतले मराठी वाचणे ही शिक्षा होती, हेही मान्य गोष्टींत धरतो. तू एकदा लिहिलेस, "दादा, तुम्ही टाइप करता की जप करता? तुमची एक ओळ येईपर्यंत माझी दुधीची भाजी शिजते." माझ्या लेखनाचा वेग कमी आहे. मी आधी विचार करतो.

आता वादाचा मुद्दा. कोजागिरीच्या संध्याकाळी आपले बोलणे मध्येच तुटले. त्या वेळी तू काही विचारले होतेस आणि मी त्यावर स्पष्टीकरण मागितले होते. त्याचा येथे संबंध नाही. दुसऱ्या दिवसापासून तुझी हाक आली नाही. मी सात वाजता बसत होतो. तू विचार करीत असशील असे समजलो. दिवाळीच्या आधी अभिषेकचा फोन आला, तेव्हा प्रथम कळले की हाक तू रोज मारत होतीस.

तो म्हणाला, "मामा, मम्मी रोज बसते ना सात वाजता. पण कनेक्टच नाही होऊन राहिलं. लिहून येतं की समोरच्या मशीनने अ‍ॅक्टिव्हली रिफ्यूज केलं."

मी विचारले, "ते वाक्य हाक मारताच येते की बराच वेळ वाट पाहून?"

"एकदम, मामा. झट से. इकडे एंटर मारलं, तिकडे ना."

मग तो म्हणाला, "मम्मी म्हणते, दादांना नको असेल. जाऊ दे."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात ठेवले. त्यातला तर्क सदोष आहे. नाकारले ते यंत्राने, आणि तू त्यावरून अनुमान केलेस माझ्याविषयी.

जोडणी न होण्याचे प्रकार इरावतीने जाण्याआधी मला समजावून दिले होते, ते असे. माझ्या संगणकाला तिने जे नाव घेऊन दिले आहे ते सापडलेच नाही, तर तसे स्पष्ट लिहून येते. नाव सापडले पण संगणक बंद असला किंवा तार तुटलेली असली, तर हाकेला कोणीच उत्तर देत नाही. यंत्र बराच वेळ वाट पाहते आणि वेळ संपली असे सांगते. परंतु संगणक चालू आहे, हाक त्याच्यापर्यंत पोहोचली आहे, आणि त्या क्रमांकाच्या पोर्टवर मात्र कोणी ऐकत बसलेले नाही, असे असेल तर तो तत्काळ नाही म्हणतो. तुला आलेला नकार या शेवटच्या प्रकारचा आहे. अभिषेकच्या "झट से" या शब्दांनी ते निश्चित होते.

म्हणजे तू ज्या पोर्टवर हाक मारलीस तेथे कोणी ऐकत नव्हते. पण धारच्या पोर्टवर ऐकणारा होता. मी ते गृहीत धरले नाही, तपासले. याच संगणकावर दुसरी खिडकी उघडली, तुझ्याकडचा भाग तीत चालवला, आणि तुझ्या जागी बसून धारला हाक मारली. जोडणी लगेच झाली. अक्षरे जशीच्या तशी पोहोचली. तेव्हा तू धारचे पोर्ट सोडून दुसरेच एखादे पोर्ट ठोठावत होतीस, हाच निष्कर्ष उरतो. तुझ्याकडच्या प्रोग्राममध्ये क्रमांक बदलला गेला असणार. अभिषेकचा हात लागला असेल.

माझ्याकडे काही बिघडलेच नाही असे मी म्हणत नाही. लपवण्यासारखे काही नाही म्हणून तेही लिहितो. कोजागिरीला जोडणी तुटल्यावर मी प्रोग्राम पुन्हा सुरू करू लागलो, तो "पत्ता आधीच वापरात आहे" अशी तक्रार करून बंद पडला. मी प्रोग्राम उघडून वाचला. कोणत्या पत्त्यावर ऐकायचे, त्या जागी इरावतीने चार शून्ये लिहिली होती. जो पत्ता कोणाचाच नाही, तो आधीच वापरात आहे असे आढळले तर नवल नाही. तिच्याच टिपणांत या संगणकाचा स्वतःचा पत्ता मला सापडला, एकशे सत्तावीसने सुरू होणारा. तो मी तेथे लिहिला. इतक्यात वीज गेली. वीज आल्यावर संगणक सुरू केला, तेव्हा प्रोग्राम विनातक्रार चालू लागला आणि आजवर चालू आहे. तो दोष धारचा होता आणि धारने त्याच दिवशी दूर केला.

भाऊबीजेला मी देवासला आलो नाही, त्याचा तू निराळा अर्थ करू नयेस. वाद अनिर्णित असताना एका पक्षाने दुसऱ्याच्या घरी ओवाळून घ्यायला जाणे मला प्रशस्त वाटले नाही.

अभिषेकची बदली रुद्रपूरला झाली आहे, महिनाअखेरीस देवासचे क्वार्टर सोडावे लागणार आहे, आणि तू त्याच्याबरोबर जाणार आहेस असे त्याच्याकडून कळले. कोठे राहावे हा तुझा प्रश्न आहे. त्यात मी मत देत नाही. माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या असतात ही वस्तुस्थिती तुला माहीत आहे. मला एवढेच हवे आहे की, मी तुला नाकारले असा समज घेऊन तू इतक्या लांब जाऊ नयेस. तो समज निराधार आहे, हे वर सिद्ध केले आहे.

पोर्टचा क्रमांक ४४८१. ताडून पाहावा.

अभिषेकला आशीर्वाद.

तुझा,
अंबरीश

॥ श्री ॥

धार,
ता. १९ जानेवारी २००८

चि. जयवंती हीस,

अनेक आशीर्वाद. रुद्रपूरला थंडी कडक असते असे वर्तमानपत्रात वाचतो. तिळगूळ पाठवलेला नाही, टपालात त्याचा भुगा होतो. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या राजाबाईने आपल्या हाताने केला होता. तुझ्या वाट्याचा डब्यात आहे.

देवास सोडण्याआधी तू लिहिलेले कार्ड मिळाले होते. तुझी वाक्ये उतरून काढतो, कारण पुढचे सारे त्यांवर उभे आहे. "दादांस सा. न. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं बरोबर आहे. दोष इकडचाच असणार. ट्रक दारात आलाय, भांडी बांधायची आहेत. मफलर वापरत जा."

वादात मी जिंकलो होतो. हे कार्ड मी टेबलावर ठेवले, आणि दिवसभर मला दुसरे काही सुचले नाही. आयुष्यात तू माझे काहीही सहज मान्य केलेले नाहीस. कावळा काळा असतो, एवढे कबूल करून घ्यायला मला तुझ्याशी एक अख्खी दुपार भांडावे लागले होते. तू म्हणत होतीस की भिजलेला कावळा निळा दिसतो. ती जयवंती एका पत्रावर म्हणते की तुमचं बरोबर आहे. प्रतिपक्ष पटल्यामुळे गप्प बसतो, तसाच कंटाळूनही बसतो. तू कशामुळे बसलीस ते मला कळत होते. पण तू लेखी मान्यता दिली होतीस, आणि लेखी मान्यतेपुढे वाद चालवता येत नाही. म्हणून मी उत्तर लिहिले नाही. हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिले.

संक्रांतीनंतर अभिषेकचा फोन आला.

"मामा, तिळगूळ घ्या. एक सांगायचं होतं. मम्मीने इकडून पण ट्राय केला होता, संक्रांतीला."

"कशाचा?"

"तुमचा तो रूबीवाला. इकडे नवा कंप्यूटर आहे, कनेक्शन पण नवं. तुमच्या लेटरमधला नंबर बघून बघून टाकला तिने. सेम मेसेज. रिफ्यूज्ड."

मी विचारले, "तिने इतक्या लांबून का प्रयत्न केला?"

"आता मला काय माहीत, मामा. सणाचा दिवस होता. करावंसं वाटलं असेल."

मी फोन ठेवला आणि माझे पत्र आठवून पाहिले. एखादी गोष्ट कारण आहे असे म्हणायचे, तर ती काढून घेतल्यावर कार्यही नाहीसे व्हायला हवे. ही परीक्षा मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवली. देवास गेले होते. देवासचा संगणक गेला होता, तार गेली होती, क्रमांक माझ्या हस्ताक्षरातला होता. दोष मात्र जसाच्या तसा होता. तेव्हा तो देवासचा नव्हता.

इरावतीला फोन केला. ती कामात होती, तरी म्हणाली, "मामा, प्रोग्राम उघडा आणि पहिल्यापासून एकेक ओळ वाचून दाखवा."

मी वाचू लागलो. तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, "थांबा. हा पत्ता कोणी लिहिला?"

"मी. तू चार शून्ये लिहिली होतीस. ती निरर्थक होती."

"निरर्थक नव्हती, मामा. त्याचा अर्थ, कुठूनही हाक आली तरी ऐक. तुम्ही जो लिहिलाय तो मशीनचा स्वतःपुरता पत्ता आहे. याच मशीनवरून हाक आली तर ऐक, बाकी कोणाची ऐकू नको, असं सांगितलंत तुम्ही त्याला."

"पण पत्ता आधीच वापरात आहे अशी तक्रार येत होती. मी हा लिहिल्यावर ती थांबली."

"आधीचा प्रोग्राम तुम्ही बंद केला होता का, नवा सुरू करायच्या आधी?"

"खिडकी खाली घेतली होती."

"म्हणजे तो मागे चालूच होता. पोर्ट त्याने धरून ठेवलं होतं, म्हणून नव्याला मिळेना. वीज गेली तेव्हा तो मेला आणि पोर्ट सुटलं. तुमच्या दुरुस्तीने नाही सुटलं."

मी म्हणालो, "मी तपासले होते. जोडणी होत होती."

"कुठून तपासलंत?"

मी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले.

"मामा? कुठून?"

"इथूनच."

ती हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "आईला मी काय सांगू?" मी म्हणालो, मी लिहितो.

चार शून्ये परत लिहिली. इरावतीने पुण्याहून हाक मारली. "मामा, आले", असे पडद्यावर उमटले. मी "पोहोचले" असे लिहिले. ती तिच्या कामाला गेली आणि मी खुर्चीत बसून राहिलो.

येथपर्यंतचे सारे सिद्ध आहे. आता जे लिहायचे आहे त्याला साक्षीदार नाही.

मागच्या पत्रात मी तपासणीचा उल्लेख केला. ती एकदा केली असे तुला वाटले असेल. तपासणीला एक वेळ पुरत होती. मी ती रोज केली. सात वाजले की दोन खिडक्या उघडत असे. एकीत तुझ्या जागी बसून लिहीत असे, "दादा, जेवलात का", कारण तू ते रोज लिहायचीस, सात वाजता कोणी जेवत नाही हे ठाऊक असूनही. दुसरीत मी उत्तर देत असे. तुझ्याकडून मी माझी थोडी थट्टाही करून घेतली. ती तुझ्यासारखी जमली नाही. आत येणारी राजाबाई विचारायची, "बाबूजी, जीजी से बात हो गई?" मी हो म्हणत असे. तिच्या दृष्टीने मी टाइप करीत होतो आणि उत्तरे येत होती. ती खोटे का मानेल? ही दिनचर्या भाऊबीजेलाही चालू होती. मागच्या पत्रात लिहिलेले कारण खरे होते, पण त्या संध्याकाळी मी देवासची बस धरायला निघून धारच्या स्टँडवरूनच परत आलो, हे मी लिहिले नव्हते. पिशवीत साडी होती. ती कपाटात आहे.

राहता राहिले कोजागिरीचे बोलणे, ज्याचा "येथे संबंध नाही" असे मी लिहिले. सगळा संबंध त्याचाच आहे. तू लिहिलेस, "दादा, मी धारला आले तर चालेल का?" मी उत्तर दिले, "आले म्हणजे भेटीस की कायमचे? आणि चालेल हे कोणाला? स्पष्ट लिही." हे वाक्य जुळवायला मला नेहमीप्रमाणे वेळ लागला. ते तुझ्यापर्यंत पोहोचले की नाही हे मला माहीत नव्हते, कारण लगेच जोडणी तुटली. ते पोहोचले नसावे अशी मी आशा करीत राहिलो. परवा अभिषेकला विचारले. तो म्हणाला, "पोहोचलं होतं ना मामा. मम्मीने वाचलं, आणि मग उठून दूध आटवायला गेली. दुसऱ्या दिवशी सात वाजता परत बसली, जवाब लिहायला. तेव्हा ते रिफ्यूज सुरू झालं."

म्हणजे तू स्पष्ट लिहायला आली होतीस. रोज आलीस. रुद्रपूरहूनही आलीस.

उत्तरेकडच्या खोलीतली पुस्तके मी बैठकीत आणली आहेत. त्या खोलीला सकाळचे ऊन मिळते आणि स्वयंपाकघर जवळ पडते. "जीजी आ रही है कई?" असे राजाबाईने विचारले. तिला सांगितले की, विचारणारीने विचारले आहे, उत्तर माझ्याकडून यायचे आहे. ती म्हणाली, "तो दे दो नी बाबूजी, उसमें क्या लगे है." म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तू आता तिकडे रुळली असशील. अभिषेकने घर लावले असेल, आणि धारला येण्याची तुझी इच्छाही उरली नसेल. तसे असल्यास मला तसे कळव; मी स्पष्टीकरण मागणार नाही. प्रोग्राम चालू आहे. पण या वेळी मी हाकेची वाट पाहत नाही, पत्र लिहितो आहे. म्हणणे एकाच ओळीचे असताना माणसाने ते कागदावर, सहीनिशी द्यावे.

कबुली

पत्ता चुकीचा लिहिला, ते माझे अज्ञान होते. त्याला चूक म्हणून मी सुटून जाऊ इच्छित नाही. चूक एक आहे. कोजागिरीच्या संध्याकाळी माझ्या बहिणीने मला जे विचारले, त्याचा अर्थ मला वाचताक्षणी समजला होता. समजूनही मी तिला तो स्पष्ट करायला लावला. उत्तर त्याच वेळी तयार होते, ते असे: कायमची ये, मला हवी आहेस.

सही
अंबरीश गणपतराव पारसनीस
धार